तिकडचा वास

मागवेकाकांना किळस यायला फार काही लागत नसे. बसमध्ये शेजारच्याने बोट जिभेला लावून वर्तमानपत्राचं पान उलटलं, की काका पुढच्या स्टॉपला उतरत आणि उरलेला रस्ता चालत जात. चहाचा कप हातात आला की तो आधी उजेडात फिरवून बघत, हुंगत. बायको म्हणायची, "मागच्या जन्मी मांजर होतात तुम्ही. पाय टाकायच्या आधी जागा हुंगायची." अशा माणसाच्या पुढच्या खोलीतून, त्याच्याच हातांनी, घरोघर घाण वाटली जावी, याला काय म्हणावं? लोक नशीब म्हणतात. काका म्हणत, "नशीब कसलं? माझं नाक मेलं होतं."

मागवे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं आणि ते पोस्टमन सोडून कुणी वाचत नसे. त्या वस्तीत बहुतेक सगळे तिकडून आलेले. कुणी शिवण करायचं, कुणी टॅक्सी चालवायचं, कुणी मोठ्या इमारतींच्या काचा पुसायचं. इथे सगळं मिळायचं, पण तिकडचं काही मिळायचं नाही. ते मागवून द्यायचं काम काकांचं, म्हणून ते मागवेकाका.

तरुणपणी ते इथे आले आणि जन्मभर एका गोदामात माल बांधायच्या खात्यात राहिले. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा घरी बसले. घरी बसलेल्या माणसाला शेजारीपाजारी काम सांगतातच. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंच्या कुकरची रिंग गेली होती. कुकर तिकडचा, रिंग तिकडची. इथल्या दुकानदाराने त्या कुकरकडे असं बघितलं, जसं काही खणून काढलेलं भांडं आहे.

"काका, फोनवर दिसते हो रिंग," बाई म्हणाल्या. "पण ते मला देतच नाहीत."

देणार कसे? तिकडच्या दुकानांचा हट्ट मोठा. फोन नंबर तिकडचा हवा, पत्ता तिकडचा हवा, आणि पैसे भरताना जो ओटीपी येतो तोही तिकडच्याच फोनवर येणार. तिकडच्या वस्तूंसाठी ज्याचा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो तिकडे राहत नाही, हे त्या दुकानांच्या गावीही नव्हतं. पण काकांचा मेहुणा तिकडे होता. त्याला फोन होता, पत्ता होता, आणि कामधंदा नव्हता.

असं ते सुरू झालं. काका इकडून संगणकावर मागणी नोंदवणार, ओटीपी मेहुण्याच्या फोनवर जाणार, तो तिकडून ओरडून सांगणार, सामान त्याच्या खोलीवर येऊन पडणार, आणि पुरेसं साठलं की त्याचं एकच मोठं खोकं बांधून तो इकडे पाठवणार. दुपारी मात्र मागणी नोंदवायची सोय नव्हती. मेहुणा जेवून झोपला की ओटीपी येऊन मरून जायचा.

"कुंभकर्ण परवडला," काका फोन आपटत म्हणत. "त्याला निदान ढोल वाजवून उठवता येत होतं."

"माझ्या भावाला बोलायचं काम नाही," आतून बायको म्हणायची. "त्याच्यामुळे तुमची खोली भरलेली असते. नाहीतर बसला असतात खिडकीतून कावळे मोजत."

ते खरंच होतं. रविवारी पुढच्या खोलीत बसायला जागा नसे. आणि कुणालाही वस्तूचं नाव येत नसे.

"काका, ते मलम द्या ना मागवून. निळी डबी. वर बाई हसते."

"ही बाई?"

"ही नाही हो. ही दात दाखवते. ती नुसतीच हसते."

"ही?"

"ही तिची मुलगी वाटते. आईला शोधा."

काका न कंटाळता शोधत. एकदा शेजारच्या इमारतीतली एक नर्स आली. तिचा देश वेगळा, भाषा वेगळी. तिला तिच्याकडचा साबण हवा होता. काकांनी हात जोडून सांगितलं, "बाई, तुमच्या देशात माझा मेहुणा नाही." ती हसत हसत गेली आणि काकांना मात्र दिवसभर वाईट वाटत राहिलं. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. आपण दिलेल्या वस्तूने माणसाचं तोंड उजळतं, याचं त्यांना फार अप्रूप होतं. गोदामात जन्मभर त्यांनी बांधलेली खोकी कोण उघडतं, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं.

खोक्याचं वजन कमी करायची युक्ती त्यांचीच. गोदामात शिकलेली. प्रत्येक बाटली पुठ्ठ्याच्या डबीत येते, डबीत अर्धी हवा असते, आणि त्या हवेचंही भाडं पडतं. त्यांनी मेहुण्याला बजावलं, "वरच्या डब्या काढून फेक. नुसत्या बाटल्या आणि बरण्या कापडात गुंडाळून घट्ट बसव." मेहुण्याने तसं केलं. खोकं लहान झालं, सगळ्यांना स्वस्त पडलं, काकांचं कौतुक झालं. डबीवर हवेखेरीज आणखीही काही असतं, हे जन्मभर खोकी बांधलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. कंपनी माल कधी केला आणि कधीपर्यंत वापरायचा, ते डबीवर छापते. बाटलीवर नुसतं नाव असतं.

खोकं यायच्या दिवशी लोक कामावरून परस्पर काकांकडे येत. काका चाकूने पट्टी कापत, झाकण उघडत, आणि आतून तो वास येई. जड, आंबूस, जुन्या पत्र्यासारखा. काका तोंड फिरवत. पण बाकीचे डोळे मिटून घेत.

"आलं! हे आलं बघा आमचं घर!" टॅक्सी ड्रायव्हरची आई म्हणायची. तिला सगळे आजी म्हणत. हिरव्या झाकणाचं तेल ती नाकाशी धरून बसे आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येई. "असं इथे काही मिळेल का? इथल्या तेलाला वासच नाही. पाणी नुसतं!"

आपल्याला तिकडून येऊन जन्म लोटला, आपल्याच नाकाची ओळख पुसली असेल, असं त्यांना वाटे. इतकी माणसं डोळे मिटून जे हुंगतात ते वाईट कसं असेल? वाईट असेल तर आपणच. ते खिडकी उघडत आणि बाहेर तोंड काढून उभे राहत. तेवढंच.

मग एक खोकं ओलं आलं. आतली कुठलीशी बरणी फुटली होती आणि कापडाचे बोळे तेलकट होऊन एकमेकांना चिकटले होते. लोक यायच्या आत साफ करावं म्हणून काकांनी बाहीची घडी घातली आणि एकेक बरणी पुसायला घेतली. तोंडाला लावायच्या क्रीमची एक बरणी झाकणाकडून पाझरत होती. त्यांनी झाकण काढलं. क्रीम पिवळं पडलं होतं. मधोमध बोटाने खरवडून घेतल्याची चर होती. नुसती खूण नव्हे, नखाचा उभा ओरखडासुद्धा. आणि त्या चरीच्या कडेला एक आखूड, कुरळा केस.

काका तसेच उठले आणि मोरीत जाऊन ओकले.

बायको धावत आली. "काय झालं? काय खाल्लंत?"

"काही खाल्लं नाही," ते म्हणाले. "जाऊन बघ टेबलावर."

तिने बघितलं. मग त्या बरणीवर तिने वर्तमानपत्र टाकलं, जसं मेलेल्या पालीवर टाकतात.

त्यांनी मेहुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तो गादीवर लोळत होता. मागे खोलीभर बाटल्या आडव्यातिडव्या पडल्या होत्या. जमिनीवर एक बादली होती, तिच्यात आणखी बाटल्या बुचकळलेल्या, आणि वरती मळकट साय आली होती. एक म्हातारा फाटक्या बनियनच्या तुकड्याने झाकणं पुसत बसला होता. मधूनच त्याच तुकड्याने तो कपाळ पुसत होता.

"ही बरणी वापरलेली आहे," काका म्हणाले.

"कुठली?" मेहुण्याने मान वर केली. "हां, ती. चुकून गेली वाटतं. परत आलेल्या मालातली असेल."

"परत आलेल्या म्हणजे?"

"आता तुम्हाला काय सांगायचं, भाऊजी." तो उठून बसला. रागावला नव्हता, उलट समजूत घालायच्या सुरात बोलत होता. "तुम्ही मागवता तो माल नवा कोरा येतो. तो इथे खालच्या दुकानात हातोहात जातो. मग मी दुकानदारांकडून काढलेला माल आणतो. मुदत संपलेला, परत केलेला, कुठे झाकण सैल. किलोवर देतात हो! धुऊन पुसून पाठवतो. घाणेरडा पाठवत नाही."

"तेच माझी माणसं तोंडाला लावतात."

"लावू द्या की. इतकी वर्षं कुणी तक्रार केली? तारीख म्हणजे काय असते, भाऊजी? कंपनीने घाबरवायला छापलेली. शिवाय डब्या काढायला तुम्हीच सांगितलंत. माझ्या डोक्यात तर तोवर काही नव्हतं."

चोराच्या उलट्या बोंबा असतात हे काकांना ठाऊक होतं, पण हा बोंब मारत नव्हता. हा आभार मानत होता.

बायकोने फोन ओढून घेतला. काकांना वाटलं, आता ही भावाची बाजू घेणार. तिने एकच विचारलं, "मला पाठवायचास तेही हेच?"

"तुझं वेगळं ठेवतो गं, ताई."

"खरं सांग."

तिकडे मेहुण्याने मान खाजवली. "आता एवढ्या ढिगात कधी इकडचं तिकडे होतं."

तिने फोन बंद केला. गालावरून हात फिरवला. मग तो हात अंगापासून लांब धरून ती मोरीत गेली आणि नळ सोडून किती तरी वेळ तोंड धूत राहिली. बाहेर आली तेव्हा गाल लाल झाले होते.

"बाहेर कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "धंदा बंद करा, माझी ना नाही. पण त्याचं नाव घेऊ नका. माझ्या आईच्या पोटचा आहे तो."

"अगं, पण आजीच्या घरी…"

"आजीच्या घरी काय?"

"ती बाळाला लावते ते तेल."

ड्रायव्हरला मुलगी झाली होती. अजून मान धरत नव्हती. तिच्यासाठी म्हणून आजीने मागच्या खोक्यातून हिरव्या झाकणाच्या बाटल्या भरभरून नेल्या होत्या. बायकोने काकांकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या चपला पायाने त्यांच्यापुढे सरकवल्या.

ड्रायव्हरचं घर म्हणजे एका इस्त्रीच्या दुकानामागची दीड खोली. दार उघडंच होतं. आजी पाय पसरून बसली होती आणि पायांवर बाळ उघडं पालथं घातलं होतं. वास दारातच आला. बाळाच्या पाठीवर, मांड्यांवर आणि मानेच्या घडीत लाल पुरळ उठलं होतं. काही ठिकाणी पाणी धरलं होतं. आजी त्याच्यावरूनच तेल चोळत होती आणि बाळ रडून रडून आता नुसतं कण्हत होतं.

"आजी, थांबा!" काका ओरडले. त्यांचा आवाज इतका मोठा कुणी कधी ऐकला नव्हता. ड्रायव्हर आतून धावत आला. त्याची बायको कामावर निघण्याच्या घाईत होती, तीही थांबली.

"काय झालं, काका?"

काकांना बोलायला जमत नसे. घरून निघताना जुळवलेली वाक्यं वाटेतच सांडली होती. "हे तेल नासलेलं आहे," ते म्हणाले. "आत्ताचंच नाही. आजवरचं सगळंच. बाळाला लावू नका."

"अगं बाई! नासलेलं?" आजी हसली. "माझ्या आईने मला हेच लावलं. ह्याला मी हेच लावलं. बघा, कसा रेड्यासारखा वाढलाय."

"ते चांगलं होतं. हे नाही. वास घ्या जरा."

"रोज घेते. हाच तर वास."

"आणि हे पुरळ?"

"उष्णता बाहेर पडतेय. तेल ओढून काढतं."

"डॉक्टर म्हणाले होते तेल बंद करा म्हणून," सून हळूच म्हणाली.

"इथल्या डॉक्टरांना काय कळतंय आपल्या तेलातलं!" आजी म्हणाली. "त्यांना तेल म्हटलं की गाडी आठवते."

काकांनी सगळं सांगितलं. दुकान, किलो, बादली, केस. मेहुण्याचं नावही घेतलं. बोलताना त्यांना इतकी शिसारी येत होती की मधेमधे ते दाराबाहेर तोंड काढून श्वास घेत. ऐकता ऐकता ड्रायव्हरचा चेहरा बदलत गेला. काकांना वाटलं, त्याला आता तेलाची किळस येईल. पण ड्रायव्हरला किळस आली ती काकांची.

"म्हणजे आमच्या आईने इतकी वर्षं डोक्याला सडकं तेल लावलं आणि खूश झाली? वेडी आहे ती? आम्ही सगळे वेडे?"

"असं मी कुठे म्हटलं…"

"मग काय म्हटलंत? थांबा, मीच विचारतो." त्याच्याकडे मेहुण्याचा नंबर होता. त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि आवाज मोठा केला.

मेहुणा पक्का. "भाऊजी तिथेच आहेत का?" तो मायेने म्हणाला. "काळजी घ्या हो त्यांची. वय झालं. हल्ली त्यांना सगळ्याचाच वास येतो. ताई सांगत होती, चहाचा कपसुद्धा हुंगून घेतात."

आजी खुदकन हसली. कप हुंगण्याची गोष्ट वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती.

काका हात हलवत घरी आले. पण बाळाची पाठ डोळ्यांसमोरून हलेना. त्यांचा गोदामातला एक जुना जोडीदार नोकरी संपवून तिकडे परत गेला होता. त्याला सांगून त्यांनी तेच हिरव्या झाकणाचं तेल पेटीभर मागवलं. डबीसकट, हवेसकट, भाडं स्वतःच्या खिशातून भरून. ते आलं तेव्हा त्यांनी आधी स्वतः वास घेतला. आणि त्यांना काहीतरी आठवलं. काय ते नीट सांगता आलं नसतं. दुपारची वाळत घातलेली चटई, आईचा ओला पदर, असलं काहीतरी. हलका, गोड, जवळजवळ नसल्यासारखा वास. नाक मेलेलं नव्हतं तर. उगीचच त्याला इतकी वर्षं गप्प बसवलं होतं.

रविवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. आजी आली, ड्रायव्हर आला, शिवणवाल्या बाई आल्या, काचा पुसणारे आले. काकांनी डबी फोडून बाटली आजीच्या हातात दिली. तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. बाटली दूर धरली.

"हे आपलं नाही."

"आजी, डबी बघा. कंपनी तीच. तारीख ह्याच वर्षाची."

"डबी काय चाटायची आहे? ह्याला वासच नाही. नकली आहे हे." तिने बाटली पुढे दिली. एकेक जण हुंगत गेला आणि मान हलवत गेला. शिवणवाल्या बाईंनी जरा जास्त वेळ नाकाशी धरली. त्यांच्या भुवया वर गेल्या. पण सगळ्यांकडे बघून त्याही म्हणाल्या, "नाही बाई. ते वेगळं होतं."

"ते खवट होतं!" काका म्हणाले. "खवटपणाला तुम्ही घर समजलात!"

हे बोलायला नको होतं. मग काचा पुसणाऱ्यांतला एक म्हणाला, "काका, आमच्या घराला कसा वास येतो ते आता तुम्ही आम्हाला शिकवणार?" आणि सगळे उठले. जाताना कुणी बाटली उलटी करून गेलं, चुकून की मुद्दाम ते कळलं नाही. चांगलं तेल जमिनीवर पसरलं. बायकोने ते कापडाने टिपून घेतलं.

पुढचं खोकं ड्रायव्हरच्या घरी उतरलं. मेहुण्याला इकडे कुणीतरी हवंच होतं. ड्रायव्हरला संगणक येत नव्हता, पण त्याची गरजच नव्हती. आता मागणीही मेहुणाच तिकडून नोंदवत होता. इस्त्रीच्या दुकानासमोर रविवारी रांग लागे. काका त्या गल्लीतून जायचं टाळत, तरी वारा फिरला की वास येई, आणि रांगेतले हसण्याचे आवाज येत. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं म्हणून गप्प बसावं. पण ते बाळ काही म्हणत नव्हतं. त्याला म्हणता येत नव्हतं.

एके सकाळी ड्रायव्हरची बायको दारात उभी राहिली. कामावर जायचा गणवेश अंगात, हातात कापडी पिशवी. आत यायला ती कचरली.

"काकू, काका आहेत का?"

बायकोने तिला आत घेतलं. तिने पिशवीतून हिरव्या झाकणाची बाटली काढून टेबलावर ठेवली. वास सगळ्या खोलीत गेला.

"बाळ कसं आहे?" काकांनी विचारलं.

"पाठ सोलून निघाली आहे. मी घरी असते तेव्हा लावू देत नाही. पण मी कामावर जाते." ती खाली बघत होती. "आईंना बोलून उपयोग नाही. त्यांचा जीव आहे तिच्यावर. त्यांना वाटतं, त्या बरं करताहेत."

"आणि नवऱ्याला?"

"त्यांना माहीत आहे, काका."

"काय माहीत आहे?"

"सगळं. परवा खोकं उघडलं तेव्हा त्यांनी स्वतः रुमाल लावला नाकाला. पण आता सगळ्या वस्तीला त्यांनीच दिलंय. आईला कुठल्या तोंडाने सांगणार? मला म्हणाले, तुला पटेल तसं कर, मला सांगू नको."

काका खुर्चीत बसले. मेहुणा निदान लांब होता. त्याला माणसं दिसत नव्हती, नुसत्या बाटल्या दिसत होत्या. पण हा रोज त्या सोललेल्या पाठीशेजारी झोपत होता. त्यांना वाटलं, पुन्हा मोरीत जावं लागणार.

"तुमचं ते चांगलं तेल आहे का अजून?" तिने विचारलं.

"आहे. पेटीभर आहे. ने सगळं."

"नुसतं नेऊन चालणार नाही. आईंनी हुंगलं की ओतून देतील. ह्या बाटलीतलं फेकून हिच्यात ते भरून द्या. आणि…" ती अडखळली. "वरून तेवढा वास लावून द्या. झाकणाला, बाहेरून. आई झाकणच हुंगतात."

काकांना आधी नीट कळलं नाही. कळलं तेव्हा ते तिच्याकडे बघत राहिले.

"चांगल्या बाटलीला मी घाण फासू?"

"मी केलं असतं, काका. पण घरी जागा कुठे आहे? आणि माझ्या हाताला वास राहिला तर बाळाला घेऊ कशी?"

बायको आत जाऊन कढत पाण्याचं भांडं घेऊन आली. "बाटली मी धुते," ती म्हणाली. "भावाची घाण आहे, बहिणीने धुवावी." खवट तेल तिने मोरीत ओतलं. ते जाळीवर पिवळं, चिकट तंतू धरून राहिलं आणि ढोसून ढोसून खाली ढकलावं लागलं. मग तिने बाटली कढत पाण्याने, साबणाने, पुन्हा कढत पाण्याने धुतली, पुसली, उन्हात धरून बघितली. काकांनी चांगलं तेल भरलं. झाकण इतकं घट्ट लावलं की बोटं पांढरी पडली.

मग उरलं ते एकच काम. त्या ओल्या खोक्यातला एक कापडाचा बोळा बायकोने फेकायला म्हणून मागच्या गॅलरीत टाकला होता. काकांनी तो चिमटीत धरून आणला. मान फिरवून, श्वास रोखून, त्यांनी तो झाकणाच्या कडेवरून फिरवला. मग नावाच्या कागदावरून. धुतलेल्या, स्वच्छ बाटलीवर ओशट तवंग चढला आणि ती त्या दुसऱ्यांसारखी दिसू लागली, तिला त्यांच्यासारखाच वास येऊ लागला.

"बास झालं?" त्यांनी विचारलं.

तिने वाकून हुंगलं. नाक आक्रसलं. "आईंना पुरेल," ती म्हणाली.

बाटली कागदात गुंडाळून, कागद पिशवीत घालून, पिशवी अंगापासून लांब धरून ती निघाली. दारात वळून म्हणाली, "काका, संपली की पुन्हा येऊ?"

"ये," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती गेल्यावर ते मोरीत गेले. बायको बाजूला सरकली. त्यांनी साबण घेतला आणि हात चोळायला लागले. वास जाईना. पुन्हा चोळले. बायकोने भांड्यातलं उरलेलं गरम पाणी त्यांच्या हातांवर धरलं.

"बोळा टाकून देऊ ना?" तिने विचारलं.

काकांनी हात झटकले.

"नको," ते म्हणाले. "बरणीत घालून, झाकण लावून ठेव. लागणार आहे."